एकट्या क्लॅरनेटवर वाजवलेली माणसं

कोणी अपमान केला की मास्तर भांडत नसत. क्लॅरनेटच्या तोंडाला बांधलेली वेताची पातळ पट्टी, जिला ते रीड म्हणत, ती सावकाश सोडवायचे, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचे आणि त्या माणसाकडे न बघता म्हणायचे, "ठेवून घेतलं."

बस, एवढंच. समोरच्याला वाटायचं, म्हातारा गिळून गेला. गिळणाऱ्यातला माणूसच नव्हता तो. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, वरून थंड आणि आत शेगडी पेटलेली. आमचे मास्तर त्या जातीतले पहिल्या नंबरचे.

मी स्वतः राग धरणारी बाई आहे, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं. माफ करून टाकणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यासोबत चहा प्यायला मजा येत नाही.

गोंदियात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या आणि धानाची बारदानं ठोकलेली. रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती, निवडणुकीची गाणी, झाडीपट्टीतल्या नाटकांची गाणी, जे येईल ते मी भरून देते. मास्तर गोरेगावचे. एसटीनं यायचे, मांडीवर क्लॅरनेटची पेटी घेऊन, शेजारच्याला तिला हातही लावू न देता. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं. बँडचा म्होरक्या म्हणून सगळे मास्तर म्हणत, नाहीतर शाळेशी त्यांचं कधी पटलं नव्हतं.

वरातीत एखादा जाडा मामा नाचायला लागला की बँडवाले त्याच्या पावलांवर वाजवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मामा डुलला की बाजा डुलतो, मामा अडखळला की बाजा अडखळतो. लोक हसतात, मामाही हसतो. ही बँडवाल्यांची जुनी चेष्टा. मास्तरांनी तिचं हत्यार केलं होतं. एकदा माणूस नीट पाहिला की त्याचं चालणं, खोकणं, खोटं बोलताना मध्येच अडणं, सगळं ते त्या काळ्या नळीतून काढत.

आता धुमालवाल्याचं सांगते. हा पूर्वी मास्तरांच्या बँडचा मालक. लोकांना मोठा आवाज पाहिजे झाला, तेव्हा त्यानं पितळी वाद्यं विकली आणि धुमाल काढली. म्हणजे ट्रकवर स्पीकरची भिंत, वर कीबोर्ड, ढोल, आणि घरातली भांडी फळीवरून खाली येतील असा दणका. बँडची जुनी पोरं त्यानं ट्रकवर चढवली. मास्तरांनाही ठेवलं, पण नावापुरतं. त्या दणक्यात क्लॅरनेट काय ऐकू येणार?

माझाही त्याच्यावर राग होता. "बाईमाणसाले मशीन का समजते," असं तो पानठेल्यावर उभा राहून माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचा. पण माझा राग लहान. मास्तरांचा कसा झाला ते ऐका.

बँडवाल्यांत एक रीत होती. बँडवाल्याच्या मुलीची पाठवणी असली की बाकी सगळी वाद्यं खाली ठेवायची आणि बापानं एकट्यानं वाजवायचं. मुलगी गाडीत बसून दिसेनाशी होईपर्यंत. मास्तरांची एकुलती एक मुलगी अर्जुनी मोरगावला दिली. तिच्यासाठी त्यांनी स्वतः एक धून बांधली होती आणि ती कोणालाच ऐकवली नव्हती. तिनं ती पाठवणीलाच ऐकायची होती. मालकाला आधी विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "हाव ना मास्तर, तुमचीच पोरगी आहे."

गाडी सुरू झाली. मास्तरांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं, पहिला सूर लांबवला. वऱ्हाडी मंडळींना निघायची घाई होती, कोणीतरी कुरकुरलं. मालकानं माईक उचलला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला, "अरे बंद करो ये रोना-धोना! गाना बजाओ!" ट्रकवरच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यानं स्वतः चढून बटण दाबलं.

मास्तर थांबले नाहीत. पूर्ण धून वाजवली. मी त्या लग्नात होते. दोन हातांवर उभी होते, तरी मला एक सूर ऐकू आला नाही. मुलगी काचेतून बघत होती. तिला बापाचे फुगलेले गाल दिसले, बोटं दिसली, आणि गाडी वळली. मास्तरांनी रीड सोडवली आणि खिशात ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते दुपारचे माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, मले वाजवाचं आहे. भरून द्या."

"सोबत कोण आहे?"

"कोनी नाही. एकटाच."

"तबला तरी घ्या. माझ्याकडे ठेके तयार आहेत, मशीनवर टाकते."

"ठेका टाकला का मानूस पळून जाते, बाई. मले तो उभा पायजे."

मग ते माईकजवळ वाकले, कोर्टात नाव पुकारतात तसं म्हणाले, "हा लॉनवाला," आणि सुरू झाले. बिरसीच्या रस्त्याला एक लग्नाचं लॉन होतं. तिथला मॅनेजर बँडवाल्यांना जनरेटरच्या मागे बसवून जेवू घालायचा. मला ते माहीत होतं, पण हे काय चाललंय ते मला कळेना. नुसती हवा. मग बटणांची टकटक, फुंक न मारता. मग एकाच वेळी दोन सूर, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. मध्येच चिरकणं. मी हेडफोन काढला.

"मास्तर, बिघडलं का?"

"नाही. तो असाच बोलते."

तेवढ्यात चहावाला किटली घेऊन आला. मशीनवर वाजत होतं ते त्यानं क्षणभर ऐकलं आणि म्हणाला, "हा तं लॉनवाला होय! कुठं आहे?" आणि खरंच दाराआड बघितलं त्यानं.

मास्तरांनी त्याच्याकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की चहावाला बिचारा लाजला.

जन्मभर ताशाच्या गर्दीत वाजवलेला माणूस. स्वतःचा एकट्याचा आवाज त्यांनी पहिल्यांदा माझ्या खोलीत ऐकला. डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "एवढा काही खराब नाही मी." हे ऐकून मला भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी वायरी गुंडाळत बसले.

त्या उन्हाळ्यात ते येत राहिले. पंखा लावला तर त्याचा आवाज भरला जातो, म्हणून आम्ही दोघं घामानं भिजून बसायचो. भाड्याच्या कोटाला डाग पडला म्हणून सर्वांसमोर ओरडलेला कपडेवाला. पेटी बघून सीट न देणारा कंडक्टर. नवरदेवाचा एक काका, ज्यानं मास्तरांच्या तोंडातून क्लॅरनेट ओढून आपण फुंकून बघितलं होतं. एकेक माणूस ते माझ्या खोलीत उभा करत आणि जाताना हात धुतल्यासारखे हलके होऊन जात. मी म्हणायचे, "मास्तर, एखादा चांगला माणूस पण वाजवा ना." त्यावर म्हणायचे, "चांगल्याचं कायले? तो तं आठवतेच."

शेवटी धुमालवाला. त्याच्यासाठी मास्तर बरेच दिवस नुसते विचार करत होते. वाजवलं तेव्हा मी तोंडावर हात दाबून धरला. चपला घासत येणारी ती ऐटबाज चाल, मग पानानं भरलेल्या तोंडातलं "हॅ हॅ हॅ", वर चढत जाऊन घशात अडकणारं, मग मोठ्या माणसासमोरचं लोणी लावणं, आणि गरीब दिसला की एकदम भुंकणं. हुबेहूब. आणि वाईट म्हणजे, कानाला गोड. एकदा ऐकलं की दिवसभर तोंडात बसायचं.

धुमालवाला स्वतःची जाहिरात भरायला माझ्याकडेच आला. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं मी ती धून, सुरुवातीला मास्तरांनी घेतलेलं नाव वगळून, लावून ठेवली. का लावली? राग धरणारी बाई आहे, सांगितलं ना. तो दारातच थांबला, मान हलवू लागला.

"ये क्या है? किसका है?"

"एका म्हाताऱ्या कलाकाराचं आहे."

"मस्त है! एकदम माझ्या मनातलं वाजवलं. धुमाल निघताना पहिले हेच लावतो मी. विचारून पहा त्याले."

मी मास्तरांना विचारलं. मुलीच्या लग्नानंतर मास्तर पहिल्यांदा हसले. पोट धरून हसले, खोकला येईपर्यंत. "द्या," म्हणाले, "फुकट द्या. फक्त सुरवातीचं माह्या तोंडचं नाव कापून टाका."

तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई सुरू झाली. ट्रक हलायच्या आधी ती धून स्पीकरवरून घुमायची आणि धुमालवाला ट्रकच्या पुढे, हार घालून, चपला घासत चालायचा. आपल्याच तालावर! गोरेगावच्या बाजारात भाजीवाल्या बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. लोक त्याच्या मागे त्याच्यासारखं चालायला लागले. ट्रकवरच्या पोरांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण एकानंही तोंड उघडलं नाही. त्या पाठवणीचं त्यांच्याही मनात होतं. धुमालवाल्याला वाटायचं, लोक खूश आहेत. तो वळून वळून हात दाखवायचा.

मास्तरांनी धुमाल केव्हाच सोडली होती; ते रस्त्याच्या कडेला उभे राहून बघायचे. मी विचारलं, "आता तरी शांत झालात?"

"कायचा शांत? दुनियेले माहीत आहे, त्याले कुठं माहीत आहे?"

तेव्हा मी त्यांना म्हटलं, की जाऊ द्या त्याला, आधी मुलीची धून भरून ठेवू. मी हे पुन्हा पुन्हा म्हटलं. दर वेळी एकच उत्तर. "ह्याचा निकाल लागू द्या, मंग. ते धून अशा रागात नाही वाजवत मी."

धान कापणी चालू होती त्या दिवसांत त्यांना दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढले की थांबायचे. क्लॅरनेटची पेटी घेऊन यायचे आणि न उघडता परत न्यायचे. एका सकाळी गोरेगावहून फोन आला की मास्तर गेले.

मी रडले आणि नंतर चिडले. त्यांच्यावरच चिडले. फुप्फुसात होता तेवढा श्वास या माणसानं आपल्या दुश्मनांना वाटून टाकला होता.

पंधरवड्यानंतर त्यांची मुलगी अर्जुनी मोरगावहून आली. बापासारखंच कपाळ, बापासारखंच थेट बघणं. बसली आणि म्हणाली, "ताई, बाबाचं इथं सगळं भरलेलं आहे म्हनतात. माही धून लावा ना."

मी मशीन सुरू केलं, कारण तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. हा लॉनवाला. हा कंडक्टर. हा कपडेवाला. ती एकेक ऐकत गेली. शेवटचा संपला तरी ती वाट बघत होती.

"माही?"

"नाही भरली गं. राहून गेली."

मला वाटलं आता ही रडेल. ती म्हणाली, "शेवटचा होता, त्या धुमालवाल्याले हे माहीत आहे का?"

"नाही."

"मंग चला. मले तं ऐकू आलं नाही. त्याले तरी ऐकू येऊ द्या."

धुमालवाला ट्रकपाशी खुर्ची टाकून बसला होता, पोरं स्पीकर चढवत होती. तिनं विचारलं, "शेठजी, माही पाठवनी आठवते?"

खरंच आठवत नव्हतं त्याला. "बेटा, इतनी शादियां होती हैं. कौन सी?"

तिनं मला खूण केली. मी न कापलेली धून मोबाइलवर लावली. आधी मास्तरांचा आवाज आला, खणखणीत, "हा धुमालवाला." मग ती चाल.

तो हसला. हॅ हॅ हॅ. आणि त्याच वेळी मोबाइलमधून तेच हसू वर चढलं आणि घशात अडकलं. त्याचं हसू थांबलं, मोबाइलमधलं चालूच राहिलं. त्यानं ट्रककडे पाहिलं. पोरं खाली बघत होती. त्याला एकदम सगळं आठवलं असावं, बाजारातले लोक, पदर तोंडात कोंबलेल्या बाया, आपण वळून वळून दाखवलेला हात. बारीक आवाजात त्यानं विचारलं, "मैं ऐसा हूं?"

मुलीनं धून शेवटपर्यंत वाजू दिली, मग माझा हात धरून मला तिथून घेऊन निघाली.

त्या संध्याकाळी त्याच्या धुमालला एका वरातीचं काम होतं. मी आणि मुलगी चौकात जाऊन उभ्या राहिलो. धून लावली नव्हती. धुमालवाला ट्रकच्या पुढे होता, पण त्याला चालताच येत नव्हतं. चपला घासतील म्हणून पाऊल उचलून टाकायचा, मग ते बरोबर पडलं का ते बघायचा, मग थांबायचा. ट्रक मागे येऊन उभा राहायचा. हसू आलं की ओठ दाबायचा. गर्दीतून कोणीतरी ती धून गुणगुणली आणि तो रस्त्याच्या मधोमध खिळला. या माणसाला अजून वीस-पंचवीस वर्षं याच जिल्ह्यात चालायचं आहे.

मला जराही दया आली नाही. मास्तर बघायला नव्हते, म्हणून त्यांच्या वाटचंही मीच डोळे भरून बघून घेतलं. शेजारी मुलगी मात्र केव्हाच पाठ फिरवून उभी होती. अर्जुनी मोरगावची गाडी किती वाजता आहे, असं तिनं मला विचारलं.