माईंनी खोडलेला अभिप्राय

हे मी आमच्या यांनासुद्धा सांगितलेलं नाही. आणि मी कोण, तर आमटीत मीठ जास्त पडलं तरी चार घरी फोन करून सांगणारी बाई! पण ही गोष्ट सहा वर्षं पोटात ठेवली — कशी ठेवली, माझं मलाच नवल वाटतं.

आधी माईंबद्दल सांगू दे. तुम्हाला वाटेल, ही विषय टाळतेय. टाळतेच आहे. यांची पुण्याहून भोपाळला बदली झाली, तिथल्या शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये सामान उतरलं, आणि तिसऱ्या दिवशी शेजारची एक ठेंगणी, गोरीपान बाई दारात उभी. हातात झाकलेलं पातेलं. "वरण आहे. इथलं पाणी कळेपर्यंत तुझी डाळ शिजायची नाही." माई मूळच्या ग्वाल्हेरच्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचं कसं, ते मला त्यांनी शिकवलं. माझं पुणेरी नाकही त्यांनीच हळूहळू खाली आणलं — आणि कधी बोलून नाही दाखवलं हो! पुढे त्या मुलाबरोबर साकेत नगरला गेल्या, पण माझं माहेर तेच राहिलं.

आमची पुस्तकफेरी ही त्यांचीच कल्पना. इथे मराठी पुस्तक सहज मिळत नाही. मग कुणी पुण्याला गेलं की एक आणायचं, कापडी पिशवीत घालायचं आणि नऊ घरं फिरवायचं. प्रत्येकीकडे पंधरा दिवस. पिशवीत एक लांब वही — वाचून झालं की तिच्यात अभिप्राय लिहायचा आणि पिशवी पुढच्या घरी. फेरी पुरी झाली की पोहे-जलेबीवर बैठक, आणि मी सगळ्यांचे अभिप्राय मोठ्याने वाचायचे. पहिली पाळी माझी, शेवटची माईंची.

सहा वर्षांपूर्वी एका फेरीला आलेलं पुस्तक म्हणजे ऐतिहासिक रहस्यकथा. दोन भावांची यादवी नुकतीच संपलीय, तह झालाय, आणि तहावर शिक्का उठवणारे सरदार एकेक करून मरतायत. दरबारातला म्हातारा चिटणीस खुनी शोधतोय. चांगलं होतं हो! पण मी साठाव्या पानावर अडकले. सासूबाई आल्या, मग मुलीच्या परीक्षा, मग — खरं सांगू? आळस. पंधरा दिवस संपले. फेरीची कारभारीण मी, माझीच जागा कोरी कशी ठेवायची? मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचला आणि दिलं ठोकून: 'यादवी संपली तरी वैर संपत नाही. शेवट तर अंगावर येतो.'

एवढंच? एवढंच असतं तर मी हसत सांगितलं असतं.

वही फिरून आली. दुसरीने लिहिलं होतं, शेवट अनपेक्षित. चार इमली भागात राहणाऱ्या वहिनींच्या डोळ्यांत शेवटाने पाणी आणलं होतं. आठही जणींना शेवट आवडला होता. आणि सगळ्यांत खाली माईंचं टपोरं अक्षर: 'पुस्तक छान. पण मला शेवट सापडला नाही. तीच पानं पुन्हा वाचतेय असं वाटलं. दोनदा बघितलं. खुनी कोण?'

बैठकीत मी तेही मोठ्याने वाचलं. आणि एकच हशा. प्रेमाचाच, बरं का. "अहो माई, आम्हा सगळ्यांना सापडला की!" माईही हसल्या. पण हातातली जलेबी त्यांनी बशीत ठेवली ती ठेवलीच.

घरी आल्यावर पिशवी कपाटात टाकताना मी पुस्तक उघडलं. सहजच. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानानंतर पुन्हा दोनशे त्र्याहत्तर! बांधणीत चूक झाली होती. तीच सोळा पानं दोनदा शिवलेली, आणि शेवटची सोळा नव्हतीच. त्या पुस्तकाला शेवटच नव्हता. नऊ घरांत ते पुरतं वाचलं होतं एकट्या माईंनी.

फोन हाताशी होता. नंबर पाठ होता. एकच वाक्य बोलायचं होतं — माई, तुमचंच बरोबर आहे. पण मग माझं काय? नसलेला शेवट माझ्या अंगावर आला कसा, हे कुणीतरी विचारलंच असतं ना? मी स्वतःला सांगितलं, मी सगळ्या मैत्रिणींची अब्रू राखतेय. वा गं थोर बाई! माझी राखत होते, दुसऱ्या कुणाची नाही. उद्या करते फोन, म्हटलं. तो केला नाही.

पंधरा दिवसांनी माईंच्या मुलाचाच फोन आला. "काकू, आई जरा कन्फ्यूज होऊन राहिली आहे. गॅस बंद केला का, चार-चारदा उठून बघते." त्याने त्यांना शेजारच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम आहे. माईंना पटेना. डॉक्टर एक वेळ चुकेल, पण आठ शिकलेल्या बायका चुकतील का? मला म्हणाल्या, "यापुढे माझी पाळी वगळ गं सुनंदा. माझा भरवसा नाही आता."

मी काय म्हणाले असेन? "बरं, माई." बरं, माई!

मग मी दर गुरुवारी साकेत नगरला जाऊन त्यांना वाचून दाखवू लागले. सगळ्या म्हणायच्या, सुनंदाचा किती जीव आहे माईंवर. होताच. अजून आहे. जीव असून कुणी असं वागतं? मी वागले.

असाच एक गुरुवार. नव्या पुस्तकाचे अभिप्राय ऐकवायला मी वही नेली होती. घरात आम्ही दोघीच, समोर चहा. माईंनी हळूच विचारलं, त्या यादवीच्या पुस्तकात शेवटी खुनी कोण निघाला गं? आता — आता तरी सांगायचं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "चिटणीसच, माई. त्याचा मुलगा यादवीत मारला गेला होता ना." चक्क रचलं मी. मला काय ठाऊक खुनी कोण ते!

माई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "हो, हो! चिटणीसच! आठवलं बघ आता."

जे पान त्यांच्या हातात कधी आलंच नव्हतं, ते त्यांना आठवलं.

त्यांनी वही मागितली. पेन मागितलं. मी दिलं. चष्मा चढवून, गणिताच्या बाईंसारखी सरळ रेघ मारून त्यांनी आपला अभिप्राय खोडला आणि खाली लिहिलं: 'शेवट चांगला आहे. मीच विसरले होते.' पेनाचं टोपण लावून मला परत दिलं, आणि म्हणाल्या, चहा निवतोय, घे.

मी तो चहा प्यायले.

माई जाऊन तीन वर्षं झाली. वही माझ्याकडेच असते. त्या पुस्तकाच्या पानावर नऊ जणींचं अक्षर आहे. त्यातला एकच अभिप्राय खरा होता, आणि तो माझ्या पेनाने खोडलेला आहे.