शाळेच्या सहलीतून आणलेला चीक

मुलगी दुसरीत होती तेव्हा तिच्या वर्गाची सहल एका डेअरी फार्मवर निघाली. आम्ही तेव्हा अमेरिकेत, श्रूजबरीला राहायचो. बाईंना सोबतीला दोन पालक हवे होते. व्हिसामुळे मला नोकरी करता येत नव्हती, दिवसभर घरीच असायचे, म्हणून मी नाव दिलं. मुलीची एकच अट होती, "आई, साडी नको हं." मी पँट घातली, वरून नवऱ्याचं जाड जॅकेट चढवलं आणि पिवळ्या बसमध्ये जाऊन बसले.

बस सुटल्यावर बाईंनी मुलांना सांगितलं, "भारतात गाईची पूजा करतात. आज आपल्याबरोबर भारतातल्या आई आहेत, त्यांना गाईंबद्दल सगळं माहीत असेल." वीस डोकी माझ्याकडे वळली. मी हसून मान डोलावली. खरं सांगायचं तर मी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर वाढले. रस्त्यात गाय आडवी दिसली की मी पलीकडच्या बाजूने जायचे.

फार्म एका नवरा-बायकोचं होतं. नवरा ट्रॅक्टरवर कुठेतरी लांब होता. बायको साठीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. तिने आम्हाला गोठा दाखवला. काळ्या-पांढऱ्या गाई ओळीने उभ्या होत्या. यंत्राने दूध कसं काढतात, ते नळीतून मोठ्या टाकीत कसं जातं, हे तिने भराभर सांगितलं. अर्ध्या मुलांचं लक्ष नाक दाबण्यात होतं.

गोठ्याच्या टोकाला गवतावर एक वासरू होतं. पहाटेच जन्मलेलं. उभं राहायला बघायचं आणि पुढच्या पायांवर कोसळायचं. मुलांनी नाकावरचे हात काढले. फार्मवालीने बाटलीने त्याला दूध पाजलं आणि म्हणाली, "हे पहिलं दूध. वासराला हे मिळालंच पाहिजे, नाहीतर ते जगत नाही."

तिच्या शेजारी बादली होती. मी वाकून पाहिलं. पिवळसर, दाट दूध. चीक! आमच्या गल्लीतला गवळी म्हैस व्याली की आईला तांब्याभर आणून द्यायचा. अमेरिकेत आल्यापासून मी खरवस खाल्ला नव्हता, आणि इथे तो मिळेल असं मनातही आलं नव्हतं.

"वासराचं पोट भरल्यावर उरलेल्याचं काय करता?" मी विचारलं.

"थोडं फ्रीझरमध्ये ठेवतो, पुढे एखाद्या अशक्त वासराला लागलं तर. बाकीचं डुकरांना."

"डुकरांना?" माझा आवाज जरा चढलाच असावा. "मला थोडं द्याल? आम्ही ते खातो."

सगळा वर्ग एका सुरात "ईऽऽ" म्हणाला. मुलगी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. ती फार्मवाली बाई मात्र कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "खाता? कसं?"

साखर आणि वेलची घालून वाफवायचं, अंडं न घालता आपोआप वडीसारखं घट्ट होतं, असं मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. पण तिने प्लॅस्टिकचा कॅन धुऊन आणला आणि काठोकाठ भरून दिला. "जमलं तर मलाही दाखवायला आण," म्हणाली.

परतताना कॅन मी दोन्ही पायांत धरून ठेवला होता. मुलगी मैत्रिणीजवळ, पार पुढे जाऊन बसली होती. घराच्या दारात तिने मला विचारलं, "आई, व्हाय कान्ट यू जस्ट बाय पुडिंग?" मी आत जाऊन कुकर शोधायला लागले.

पहिला घाणा फसला. चीक पहिल्याच धारेचा, आणि मी त्यात साधं दूध अगदीच कमी घातलं. तो खोडरबरासारखा झाला. दुसऱ्या वेळी बरोबरीने दूध घातलं आणि खरवस लागायला हवा तसा लागला. युनिव्हर्सिटीत शिकणारी दोन मराठी मुलं शनिवारी आमच्याकडे जेवायला यायची. त्यांना फोन करून सांगितलं तर ती शुक्रवारीच आली. नागपूरचा होता तो म्हणाला, "काकू, खरंच चीक? की पावडरचं काही?" खाल्ल्यावर त्याने पुन्हा ताटली पुढे केली. मुलीने चमच्याच्या टोकाने चाखलं, त्यावर मेपल सिरप ओतलं आणि मग बऱ्यापैकी खाल्लं.

रविवारी मी चार वड्या डब्यात घालून नवऱ्याला फार्मवर ड्राइव्ह करायला लावलं. त्या बाईने एक वडी तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि म्हणाली, "वेलचीचा वास साबणासारखा येतो." तिच्या नवऱ्याने मात्र उभ्याउभ्याच उरलेल्या तिन्ही वड्या संपवल्या.

त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर गाय व्याली की अधूनमधून त्या बाईचा फोन यायचा. "पहिलं दूध ठेवलंय, येतेस का?" मी जायचे. घरी वड्या करून एक डबा तिला आणि तिच्या नवऱ्याला पोचवायचे. त्यात वेलची नसायची.