मे महिन्यातलं शेत

गहू कापून नेल्यावर दोन महिने शेत रिकामं दिसतं. म्हणून ते पडीक होतं का?

हा प्रश्न मी भोपाळमध्ये, चार इमलीत, आमच्या खात्याच्या साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात उभ्यानं विचारला. रविवार होता. पुढच्या फाटकातून आत शिरले तर शिपाई म्हणाला, "मॅडम, पीछे से." मागून गेले. साहेब खुर्चीत. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रं पडली होती. ती कुणी उचलली नाहीत.

त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं. मग वडिलांचं काम. वडील त्याच खात्यात शिपाई होते. राजधानी बदलली तेव्हा आजोबा नागपूरहून खात्याबरोबर भोपाळला आले, तेही शिपाईच. साहेब हसले.

"तुम्हारे पिताजी उम्र भर फ़ाइलें लाते रहे. कभी खोलकर नहीं देखी. उनसे कुछ सीखो."

आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकं फार. वडील मोर्च्यांतून आणायचे. त्यांवरच मी वाचायला शिकले. आणि तरीही त्या वेळी मी साहेबांसमोर मान हलवली. ते अजून टोचतं.

ज्या कामासाठी गेले होते, त्यातली चूक माझीच होती. मी जमीन-पाहणीत कंत्राटी कामाला होते. पाहणी मे महिन्यात. नियम असा, की त्या दिवशी जे दिसेल ते भरायचं. फॉर्मात तीन रकाने: पीक, बांधकाम, पडीक. शहराच्या कडेला, करोंदच्या पलीकडे रामबाईचं शेत आहे. गहू निघून धान्याच्या मंडीत गेला होता, सोयाबीन पेरायला पाऊस हवा होता. मला ढेकळं दिसली. मी 'पडीक' लिहिलं. तिच्या शेजाऱ्यांच्या शेतांनाही तेच. शहरातली मुलगी मी. गहू आमच्याकडे पोत्यातून येतो.

पुढे शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा लागला. पिकाखालची जमीन हरित पट्ट्यात राहणार, पडीक जमीन घरांसाठी मोकळी होणार. रामबाईच्या बांधावर वसाहतीची पाटी आली. ती मला शोधत कचेरीत आली. ओरडली नाही.

"बर्तन मँजे रखे हैं, तो क्या घर में कोई खाता नहीं, बेटा?"

तिच्याबरोबर गेले. सोयाबीन घोट्याला लागत होतं. मी फोटो काढले आणि साहेबांकडे गेले, नोंद दुरुस्त करा म्हणून.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. पाहणी योग्य झाली, असं मी लिहून द्यायचं. कंत्राट वाढेल.

"साइन करो और घर जाओ."

पेन हातात घेतलं होतं, हेही सांगते. घरात पगार माझाच होता. मग ते कागदावर ठेवलं.

"एक बार ग़लत लिखा है, सर. दोबारा नहीं लिखूँगी."

"तो कल से मत आना."

या वेळी मी पुढच्या फाटकानं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या खिडकीवर मसुद्याविरुद्ध हरकत दाखल केली. पाहणी करणारी मी, नोंद चुकीची, खाली माझं नाव. खिडकीतल्या बाबूनं दोनदा वाचलं. "मॅडम, अपने ही ख़िलाफ़?"

"हाँ. मोहर लगाइए."

तेव्हापासून सुनावणीच्या तारखा पडताहेत. साहेब रजेवर, फाइल दुसऱ्या टेबलावर, पुढच्या आठवड्यात या. मी दमले आहे. रामबाई माझ्याहून जास्त दमली आहे, तरी दर तारखेला दोन बस बदलून येते. मीही जाईन. नोंद बदलेपर्यंत जाईन.

एकटीची हरकत ते बाजूला सारतात. तुम्ही भोपाळात राहता, दर उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरता. या रविवारी करोंदच्या पलीकडे या. शेतात उभं राहून बघा. मग साध्या कागदावर एवढंच लिहा: ही जमीन पिकते, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खाली स्वतःचं नाव घाला, आणि खिडकीवर मोहर मारून घेतल्याशिवाय परतू नका.