मावशीने पाहिलेलं छत

माझ्या मावशीने जुन्या राजवाड्याची फरशी अठ्ठावीस वर्षं पुसली. तिथली दालनं ती फरशीवरून ओळखायची: टवका उडालेलं दालन, पिवळ्या दगडाचं दालन. दरबाराच्या छतावरची चित्रं बघायला कुठून कुठून माणसं येतात, हे तिला ठाऊक होतं. पण तिने जरा मान वर केली की मुकादम खेकसायचा, "काम खाली आहे!" त्याची स्वतःची मान कायम वर, ते सोडा.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी नवे कपडे घालून, मला सोबत घेऊन ती राजवाड्यावर गेली. दारावरचा पहारेकरी ओळखीचा. म्हणाला, "मावशी, तिकीट कशाला? मागच्या दाराने या की."

"मागच्या दाराने पुष्कळ आले. आज बघायला आलेय," असं म्हणून ती रांगेत उभी राहिली.

दरबारात गाइडने छताकडे बोट दाखवलं. लोकांनी माना वर केल्या, फोटो काढले आणि पुढे सरकले. वाकून वाकून आखडलेली मावशीची मान काही वर होईना. तिने पिशवी उशाला घेतली आणि भर दरबारात उताणी पडली.

पहारेकरी धावत आला. "अहो मावशी, उठा! इथे कोणी झोपतं का? खाली घाण असते!"

मावशीने छतावरची नजर हलवली नाही.

"कालपर्यंत ही फरशी मी पुसलीय. घाण कुठे दिसते, बोट ठेवून दाखव. नाहीतर बाजूला हो, तुझ्या डोक्याने मोर झाकलाय."