वाडीतली पाणबुडी

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, आईले तर नाहीच. तुले काहून सांगून राहिलो — मले बी ठाऊक नाही.

वाडीत माझी भाड्याची खोली होती. मी आन् गजू हिंगण्याच्या एकाच कारखान्यात वेल्डर. पाळी सुटली की तो माझ्याकडेच. कम्प्युटरवर पाणबुडीचा गेम — धडाधड गोळ्या झाडायचा नाही, कान लावून बसायचा. नकाशावर दुश्मनाचं जहाज दिसायची सोय होती, ती आम्ही बंदच करून टाकली. खऱ्या पाणबुडीत कोण दाखवते? हेडफोन गजूच्या कानात, तो डोळे मिटून जहाज कोणत्या बाजूनं येऊन राहिलं ते ओळखे, मी कॅप्टन. मे महिन्यात कूलर बंद, कारण त्याची घरघर. बोलायचं नाही, गुडघ्यावर टिचकी मारायची. हसून घे. समुद्र तर दोघायनंही पाहिला नव्हता.

एक नियम होता. खिडकीच्या गजाले लाल दुपट्टा बांधला, म्हणजे पाणबुडी पाण्याखाली — मग दार वाजवायचं नाही, कोणीही असो. दूधवाला बी शिकला होता.

मग समुद्राकाठी, जहाजाच्या कारखान्यात भरती निघाली. दोघंही गेलो. त्याले घेतलं, मले नाही. त्याचं काम माझ्याहून साफ होतं, हे मले ठाऊक होतं ना! मी त्याले पेढा भरवला, पाठ थोपटली — आन् आतून जळून खाक झालो.

जायच्या दिवशी तो दुपारी येणार होता. त्याले घरचं कोणी नव्हतं. स्टेशनवर सोडायले मीच जाणार, असं ठरलं होतं.

मी दुपट्टा बांधला.

तो आला. बॅग ठेवल्याचा आवाज झाला, पण दार वाजवलं नाही. फटीतून पाहिलं — भिंतीले टेकून बसला होता, वीतभर सावलीत. खोकला आला तर तोंडावर हात धरला. घरमालकीण म्हणाली, "काहून उन्हात बसला गा?"

"हळू बोला काकू. तो खाली आहे."

बहुत वेळ बसला. मग बॅग उचलली आन् रस्त्याकडे गेला.

आन् मी? कम्प्युटर सुरूच केला नव्हता. पलंगावर बसलो होतो, नुसता.

आता हेडफोन भारी आहे. नवा गेम इतका खरा, की पाण्याच्या दाबानं पत्रा कुरकुरते ते बी ऐकू येते. कूलर बंद करतो, बसतो — शेजारी कोणाचा गुडघा नाही. त्याची लई आठवण येते गा.

तो फोन करते कधीमधी. स्पीकर लावून तिकडच्या पोरायले सांगते, "आमचा कॅप्टन पक्का! मी दारात, गाडीची वेळ झालेली, पण हा जागचा हलला नाही." पोरं हसतात.

मी बी हसतो.