लॉरेलच्या पानांचा हार
कुंपणाची लॉरेल कापली की कडवट बदामासारखा वास सुटतो आणि मला इंग्लंडात, रीडिंग गावातला माझा पहिला हिवाळा आठवतो. नवरा आठवडाभर मँचेस्टरला असायचा. दिवसच्या दिवस माझं कुणाशी बोलणं व्हायचं नाही. दसऱ्याला आंब्याची पानं मिळेनात, म्हणून शेजारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडे मी त्यांच्या कुंपणाची पानं मागितली. त्यांनी टोपलीभर कापून दिली आणि मी तोरण ओवत असताना जवळ बसून राहिल्या. “हे उतरवायचं कधी?” त्यांनी विचारलं. “पुढच्या सणाला नवं बांधेपर्यंत आम्ही सुकलेलंच ठेवतो,” मी म्हटलं. त्यांना ते फार आवडलं. डिसेंबरात त्यांनी मला बोलावलं आणि त्यांच्या किचनमध्ये आम्ही तीच पानं, पाइनची बोंडं आणि लाल बेरी तारेवर बांधून त्यांच्या दारासाठी नाताळचा गोल हार केला. चिकाने बोटं काळी झाली. नाताळची सजावट इथे सहा जानेवारीपर्यंत उतरवायचीच असते; तोवर आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या दारांवरचे हार उतरले, त्यांचा तेवढा राहिला. बाईंनी आपली रीत उचलली, म्हणून जाता-येता मी त्याच्याकडे बघून खूश व्हायचे. बेल मात्र वाजवली नाही. न बोलावता कुणाच्या दारी जायचं नाही, एवढं मी इथे शिकले होते. फेब्रुवारीत त्यांचा मुलगा सामान न्यायला आला. आई आता केअर होममध्ये असते, म्हणाला. “पाच जानेवारीला जिन्यात पडली. दोन दिवस कुणाला कळलंच नाही.” अजूनही जानेवारीत एखाद्या दारावर हार राहिलेला दिसला, की मी बेल वाजवते.