बसलेल्या शिपायाची मागणी

जर्मन रणगाड्यांबद्दल मला आता एक अक्षरही ऐकायचं नाही. पण बसवनगुडीतल्या माझ्याच घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी तेच चालतं, कॉफीही माझ्याच घरची असते, म्हणून ऐकावं लागतं. आम्ही काही जण युद्धाचे खेळ खेळतो. टेबलावर हिरवं कापड, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या आणि बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई. मोजपट्टीने फौज पुढे सरकवायची आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. आम्ही सगळे संसारी, पोट सुटलेले पुरुष आहोत आणि चुकून एखाद्याचा घोडा पाडला तर दिवसभर एकमेकांशी बोलत नाही.

या छंदात खेळण्यापेक्षा मागणं जास्त. जे मॉडेल बाजारात मिळतं ते कोणालाच नको असतं, आणि जे कोणी बनवतच नाही त्याच्यावाचून यांचं अगदी अडलेलं असतं. परदेशातली एखादी कंपनी नवीन काही काढणार अशी कुणकुण लागली की आमचे पुणेकर तिला पानंच्या पानं लिहून कळवतात, काय काढावं आणि का. हे पुणेकर इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्या फ्लॅटमध्ये एक अख्खं कपाट न उघडलेल्या खोक्यांनी भरलेलं आहे आणि त्यांची बायको साड्या पलंगाखाली ठेवते. त्यांचे पट्टशिष्य नागपूरकर कोरमंगलाच्या एका खोलीत राहतात. तिथे कपाटच नाही, म्हणून खोकी पलंगावर आणि नागपूरकर खाली सतरंजीवर. दोघांना वर्षानुवर्षं एकच रणगाडा हवा असतो, फक्त दर वेळी त्याचं झाकण वेगळं.

"काका, हे लेट व्हर्जन आहे. टरेटची मागची प्लेट बघा ना." पुणेकर लॅपटॉपवर तोफेचा घुमट दाखवत म्हणायचे.

मी बघायचो. ती मला मागच्या वर्षीच्या प्लेटसारखीच दिसायची, आणि तसं सांगितलं की पुणेकर माझ्याकडे असे बघायचे की मी त्यांच्या कुलदैवताला नावं ठेवलीत.

आमच्यात चौथा एक इथलाच कन्नड इंजिनिअर आहे. त्याच्याकडे रेझिनचा प्रिंटर आहे. संगणकावर तो आकृती घडवतो आणि प्रिंटरमधून ती राखाडी, ओलसर बाहेर येते. पण नवी आकृती घडवायला त्याला महिनोन्महिने लागतात, म्हणून आम्ही एक रिवाज पाडला आहे. दिवाळी झाली की एका रविवारी प्रत्येकाने आपली मागणी मांडायची आणि हात वर करायचे. ज्या मागणीला जास्त हात, ती त्या वर्षी बनवायची. घडवणाऱ्याने मत द्यायचं नाही. म्हणजे उरलो तिघं, आणि त्यातले दोन हात कायम रणगाड्याला. लोकशाही म्हणतात ती हीच असावी.

माझी मागणी साधी होती. आम्ही इथले जुने मराठी. फौजेबरोबर आमचे पूर्वज खाली दक्षिणेत आले आणि इथेच राहिले. घरी आम्ही बोलतो त्या मराठीत कानडी इतकी मिसळलेली असते की पुणेकरांना हसू आवरत नाही. आमच्या समाजात कुठल्याही घरी जा, मूळ पुरुष घोड्यावर बसूनच आलेला असतो, हातात नंगी तलवार घेऊन. इतके घोडेस्वार आले, मग घोड्यांना चारापाणी कोण करत होतं, ते कोणी सांगत नाही. बाजारात मराठा फौजेची जी काही मॉडेलं मिळतात तीही तसलीच: मिशा ताठ, तोंड उघडं, तलवार आभाळात. बारा महिने चोवीस तास आरोळ्या मारणारी माणसं. मला हवा होता तो पायी आलेला, मुक्कामाच्या जागी पाय पसरून बसलेला एक शिपाई. माझ्या समजुतीप्रमाणे माझा पूर्वज तोच होता. घोडा आमच्या घराण्यात कोणाला परवडला असेल असं माझ्या नाकाडोळ्यांवरून तरी वाटत नाही.

"पण काका, बसलेल्याला मूव्हमेंट काय देणार?" नागपूरकरांनी विचारलं होतं. "तो टेबलावर करणार काय?"

"दमलाय तो," मी म्हणालो. "बसणार."

हात वर झाले ते रणगाड्याला. असं बरीच वर्षं झालं आणि माझं तसं काही बिघडलं नव्हतं. पण गेल्या दिवाळीपर्यंत माझ्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग धरला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं आणि शेजारचं मात्र दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधली नजर हळूहळू जाईल, कडेची राहील, गेलेली परत येणार नाही. मी हे मंडळींना सांगितलं नव्हतं. मला तो शिपाई बघायचा होता, तोही याच वर्षी, पण त्यासाठी या दोघांपुढे डोळे पुसायची माझी तयारी नव्हती.

दिवाळीनंतरच्या त्या मागण्यांच्या रविवारी पुणेकरांनी लॅपटॉप उघडला आणि पुन्हा प्लेट सुरू झाली. कॉफी घेऊन आलेली माझी बायको दारातच थांबली.

"अहो, स्वल्प थांबा," ती म्हणाली. "यांचे डोळे चाललेत. तुमचे रणगाडे कुठं पळून जातात काय?"

पुणेकरांनी लॅपटॉप मिटला. मग नागपूरकरांचा हात वर गेला, पाठोपाठ पुणेकरांचा. प्रिंटरवाला हळूच म्हणाला, "सरी, अण्णा." म्हणजे कानडीत, ठीक आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी मुद्दे मांडत होतो, जुनी चित्रं दाखवत होतो, तेव्हा यांना काही पटलं नाही. आणि आता डॉक्टरांचा निकाल ऐकून पटलं! बायकोशी मी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. ती म्हणाली, "बोलू नका, शिपाई तर मिळाला ना."

कसा बसलेला हवा ते दाखवायला मीच जमिनीवर बसलो, एक पाय लांब, एक दुमडलेला, हात गुडघ्यावर. प्रिंटरवाल्याने चहूबाजूंनी फोटो काढले. उठताना मला टेबलाचा पाय धरावा लागला.

शिपाई आले. एकाच आकृतीच्या पाच-सहा प्रती, राखाडी. बोटांनी चाचपून मला कळलं की काम चांगलं झालंय. ब्रश घेऊन बसलो, आणि पहिल्याच शिपायाच्या मिशीचा रंग त्याच्या गालावर गेला. पुसून पुन्हा लावला, तर कानावर. ज्या हातांनी मी आयुष्यभर घोड्यांच्या डोळ्यांत पांढरे ठिपके दिले, त्या हातांना माणसाचं तोंड सापडेना. मला रडू आलं. बायकोने भिंग आणून दिलं, तर त्यात तो डागच मोठा दिसला.

"आम्ही रंगवतो, काका," पुढच्या रविवारी पुणेकर म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्यांनी जन्मात रणगाड्याशिवाय काही रंगवलं नाही, आणि तेही दहातला एक, त्यांच्या हाती मी माझा पूर्वज दिला. मग जे व्हायचं तेच झालं. आज आणतो, उद्या आणतो, प्रायमर वाळतोय, ट्रॅफिक होतं. शिपाई त्या पलंगावरच्या खोक्यांत जाऊन बसले असणार, असं मी धरून चाललो आणि यांच्या नावाने मनातल्या मनात यथेच्छ बोटं मोडली.

एका रविवारी दोघं वेळेआधी आले. पुणेकरांनी डबा उघडला आणि शिपाई हिरव्या कापडावर मांडले. दोघंही परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे उभे राहिले. मी एक उचलून खिडकीशी नेला, माझं तोंड रस्त्याकडे केलं आणि डोळ्याच्या कडेने बघितलं.

अंगरखा जर्मन रणगाड्याच्या राखाडी रंगाचा. पागोटं वाळवंटी पिवळं. यांच्या घरात दुसरे रंगच नव्हते, आणि दुकानात जाऊन एक लाल, एक पांढरी बाटली आणायची अक्कल कोणाला सुचली नव्हती. इथवर मी समजू शकतो. पण रणगाडा रंगवून झाला की त्याला जुना दाखवायची या लोकांची ठरलेली रीत असते, ती त्यांनी इमानेइतबारे पार पाडली होती. खांद्यावरचा रंग खरवडून आतलं लोखंड दाखवलं होतं. कोपरांवरून गंजाचे ओघळ काढले होते. नाकपुड्यांभोवती धुराची काजळी होती, जशी रणगाड्याच्या धुराड्याला असते. माणसाला गंज चढवला होता या गाढवांनी!

तोंडात आलेली शिवी बाहेर पडणार, तेवढ्यात मान थोडी वळली आणि शिपायाचा खालचा भाग नजरेच्या कडेला आला.

पायांवर चिखल होता. साधा तपकिरी रंग फासलेला नव्हता. पोटऱ्यांवर वाळून पांढुरका पडलेला, त्याला बारीक भेगा गेलेल्या; टाचेशी अजून ओला, काळा; अंगरख्याच्या घेरावर उडालेले शिंतोडे, मागच्या बाजूला जास्त. चाकांचा आणि पट्ट्यांचा चिखल रंगवण्यात या दोघांची हयात गेली आहे. पसरलेल्या पायाच्या तळव्यालाही तो लागला होता, आणि तो तळवा बघताना मला कळलं की हा माणूस फार लांबून चालत आलाय, अजून त्याला कोणी पाणीही विचारलेलं नाही. डाग आत येईपर्यंत मी त्याच्याकडे बघून घेतलं.

"काका, काही चुकलं का?" नागपूरकरांनी विचारलं.

"बेअक्कल आहात दोघंही," मी म्हणालो. "हा गंज पुसा. चिखलाला हात लावलात तर याद राखा."